काका म्हणतात, ‘हे कसलं सायन्स?’

ताई, मी टी.वाय.बी.ए.ला आहे, विषय मानसशास्त्र. बारावी सायन्स करून इकडे आले, तेव्हापासून घरात कुरबुर चालू आहे. मोठे काका निवृत्त इंजिनिअर. ते म्हणतात, ‘फिजिक्स, केमिस्ट्री हे सायन्स. मोजता येतं ते सायन्स. बाकी सगळ्या गप्पा.’ आणि हेच काका सगळ्या घराच्या पत्रिका बघतात, ज्योतिष मात्र त्यांच्या मते पक्कं शास्त्र! बाबा काकांच्या शब्दाबाहेर नाहीत. आता एम.ए.च्या फीचा विषय निघालाय. खरं सांगायचं तर मलाही शंका यायला लागलीय. मानसशास्त्रातले निम्म्याहून जास्त प्रयोग पुन्हा केले तर जमत नाहीत, असं आमच्या मॅडमनीच वर्गात सांगितलं. मग काकांचं खरंच आहे का? एम.ए.ऐवजी एम.एस्सी. देणारं कॉलेज शोधू का? आणि स्टॅटिस्टिक्स कमीत कमी असलेला कोर्स कुठे मिळेल?
— मुक्ता, सांगली

प्रिय मुक्ता,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तसा कोर्स शोधू नकोस. का ते पुढे येईलच.

काकांचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नकोस. ते म्हणतात त्याच्या अगदी जवळची शंका कार्ल पॉपर नावाच्या मुलाला (पुढे हाच विज्ञानाचा तत्त्वज्ञ म्हणून गाजला) १९१९ साली व्हिएन्नात आली होती. पॉपर तेव्हा जेमतेम सतरा वर्षांचा होता. शहरात फ्रॉइड आणि ॲडलर हे मानसशास्त्रवाले आणि मार्क्स यांच्या नावाचा जयघोष चालू होता. त्याच वर्षी २९ मे रोजी सूर्यग्रहण झालं आणि एडिंग्टन या इंग्लिश खगोलशास्त्रज्ञाने सूर्याच्या कडेला दिसणाऱ्या ताऱ्यांचे फोटो काढून आइन्स्टाइनचं भाकीत तपासलं: सूर्याजवळून येताना प्रकाश वाकतो, म्हणून तारे जागेवरून सरकलेले दिसतील. पॉपर ॲडलरच्या हाताखाली गरीब वस्तीतल्या मुलांसाठी काम करत होता. त्याने एकदा ॲडलरला एका मुलाची हकीकत सांगितली. माणसाच्या वागण्यामागे कमीपणाची भावना असते, या ॲडलरच्या न्यूनगंडाच्या सिद्धांतात ती बसणारी नाही असं त्याला वाटलं होतं. ॲडलरने त्या मुलाला न बघताच ती झटक्यात बसवून दाखवली. एवढी खात्री कशावरून, असं विचारल्यावर ॲडलर म्हणाला, माझा हजार वेळचा अनुभव आहे. पॉपरने उत्तर दिलं, म्हणजे आता तो एक हजार एक वेळचा झाला.

पुढे पॉपरने यातूनच कसोटी काढली. आइन्स्टाइनने आधी सांगून ठेवलं होतं की तारे अमुक इतके सरकलेले दिसले नाहीत तर मी चुकलो. ॲडलर कधी चुकला असता? मुलाने दुसऱ्याला पाण्यात ढकललं तर न्यूनगंड, दुसऱ्याला वाचवायला पाण्यात उडी मारली तरी न्यूनगंड. ज्या सिद्धांताला काहीही चालतं, त्याची परीक्षाच होऊ शकत नाही.

म्हणजे विज्ञान कशाला म्हणू नये याचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण मानसशास्त्रातलंच आहे. काकांना हे माहीत नसेल तर तू स्वतःहून सांग. आपल्याकडची वाईट बातमी आपणच दिली की पुढचं बोलणं सोपं होतं.

पण पॉपरची कसोटी वाटते तेवढी सरळ नाही. युरेनस ग्रह न्यूटनच्या गणिताप्रमाणे चालत नव्हता. पॉपरचं शब्दशः ऐकायचं तर तेव्हाच न्यूटनला रजा द्यायला हवी होती. कोणी दिली नाही. फ्रान्सच्या ल व्हेरिएने हिशेब मांडला की पलीकडे एक न दिसलेला ग्रह असला पाहिजे आणि तो आकाशात अमुक ठिकाणी असला पाहिजे. २३ सप्टेंबर १८४६च्या रात्री बर्लिनमध्ये गाले याने दुर्बीण तिकडे वळवली आणि सांगितलेल्या जागेपासून एक अंशाच्या आत नेपच्यून सापडला. मग बुधाच्या कक्षेतही फरक दिसला. तेव्हा याच ल व्हेरिएने तीच युक्ती वापरली: सूर्याजवळ आणखी एक ग्रह असणार. त्याचं नावही ठरलं, व्हल्कन. लोक अनेक वर्षं शोधत राहिले, तो काही सापडला नाही. १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांताने तो फरक, शतकाला ४३ विकला (एका अंशात ३६०० विकला) इतका बारीक, ग्रहाशिवाय सोडवला.

एकाच माणसाने एकाच युक्तीने दोनदा आपला सिद्धांत वाचवायचा प्रयत्न केला. एकदा साधलं, एकदा फसलं. दोन्ही वेळा ते विज्ञानच होतं, कारण दोन्ही वेळा सबब अशी होती की दुसऱ्या कोणालाही दुर्बीण लावून ती खोटी पाडता आली असती. म्हणून माझ्या मते ‘हा विषय सायन्स आहे का’ हा प्रश्नच अर्धवट आहे. विचारायचं ते असं: या विषयातल्या माणसांचं उत्तर चुकलं की ती पुढे काय करतात?

आता काकांच्या पत्रिका. २००१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांत वैदिक ज्योतिषाचे अभ्यासक्रम काढायचं ठरवलं. शास्त्रज्ञ त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००४ मध्ये न्यायालयाने हस्तक्षेप करायला नकार दिला. मला त्यात न्यायालयाचं फारसं चुकलं असं वाटत नाही, अशा गोष्टी निकालपत्राने ठरायच्या नसतातच. त्या ठरवायची रीत नंतर पुण्यात जयंत नारळीकरांनी दाखवली. नरेंद्र दाभोलकर आणि संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे असे जाणते लोक सोबत होते. त्यांनी शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलांच्या जन्मवेळा जमवून दोनशे पत्रिका तयार केल्या. ज्योतिषांना आवाहन केलं. भाग घेणाऱ्या प्रत्येकाला त्यातल्या चाळीस पत्रिका दिल्या आणि कोणती पत्रिका हुशार मुलाची एवढंच सांगायला सांगितलं. नाणं उडवून सांगितलं असतं तरी सरासरी वीस बरोबर आल्या असत्या. विद्येत काही आहे असं मानायला चाळीसपैकी किमान अठ्ठावीस हव्यात, हे आधीच ठरलं होतं. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. सरासरी यश ४६ टक्के, सर्वांत जास्त गुण चोवीस. हा निबंध २००९ मध्ये ‘करंट सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात छापून आला.

यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट आकड्याच्या पुढची आहे. ज्योतिषी चुकले म्हणून ज्योतिष विज्ञान नाही असं मी म्हणत नाही, चुकतात तर सगळेच. चुकल्यावर कोणता नियम खोडला गेला? कोणत्या ज्योतिषाने म्हटलं की बुधाबद्दलची आपली समजूत पुन्हा तपासू या? ‘जन्मवेळ नक्की नसेल’, ‘असं एका प्रश्नावर सांगता येत नाही’, अशा सबबी आल्या. त्यांतली एकही सबब आकाशात अमुक जागी बघा, असं म्हणत नव्हती.

‘मोजता येतं ते सायन्स’ हा काकांचा दुसरा मुद्दा. तो मात्र मला मुळीच मान्य नाही, आणि त्यावर आपल्याच एका बाईंचं उत्तर आहे. इरावती कर्वे आपल्याला महाभारतावरच्या लेखनामुळे माहीत असतात. पण १९२७ मध्ये त्या पुण्याहून बर्लिनला गेल्या त्या मानववंशशास्त्रात डॉक्टरेट करायला. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे तिथल्या कैसर विल्हेल्म संस्थेचे प्रमुख. पुढे नाझींच्या वंशवादाला ज्यांनी विद्वत्तेचं कातडं पांघरलं, त्यांतले हे एक. फिशर यांचा तर्क असा की गोऱ्या युरोपियनांची कवटी दोन्ही बाजूंनी सारखी नसते आणि उजवी बाजू मोठी असणं ही त्यांच्या जास्त बुद्धीची खूण आहे. त्यांनी इरावतीबाईंना कवट्या मोजायला बसवलं. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि प्रबंधात लिहिलं की कवटीच्या असमानतेचा वंशाशी काहीही संबंध दिसत नाही.

त्या वेळी सगळा थाट ‘सायन्स’चा होता. मोजमापाची हत्यारं, तक्ते, नामवंत संस्था, जर्मन प्राध्यापक, काय नव्हतं? मोजणं म्हणजेच विज्ञान असतं तर फिशर यांचा वंशवादही विज्ञानच ठरला असता. फरक पडला तो एका परदेशी विद्यार्थिनीने गुरूला नको असलेला आकडा जसाच्या तसा लिहिला म्हणून. बाकीचे विद्वान तिथे तेवढं का करू शकले नाहीत, हा प्रश्न जर्मनीच्या इतिहासाला बरीच वर्षं पुरला.

आता तुझी खरी शंका. मॅडमनी सांगितलं ते बरोबर आहे. २०१५ मध्ये मानसशास्त्रज्ञ ब्रायन नोसेक आणि त्यांच्या अडीचशेहून जास्त सहकाऱ्यांनी मानसशास्त्राच्या नामांकित नियतकालिकांतले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ निबंधांपैकी ९७ टक्क्यांत ठळक परिणाम दिसल्याचा दावा होता. पुन्हा केल्यावर तो सुमारे ३६ टक्क्यांतच दिसला. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी एक दणका बसला. मनाचा निग्रह वापरला की तो संपत जातो, ही कल्पना तुझ्याही पुस्तकात असेल. समोर बिस्किटं ठेवून मुळे खायला लावायचे, तो प्रयोग. २३ प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांहून जास्त लोकांवर ही कल्पना तपासली, तेव्हा परिणाम जवळजवळ शून्य निघाला. या एका कल्पनेवर लोकांनी करिअर उभी केली होती.

पण हे उघडकीला आणलं कोणी? फिजिक्सवाल्यांनी नाही. मानसशास्त्रज्ञांनीच, स्वतःच्या नियतकालिकांतले, स्वतःच्या ओळखीच्यांचे प्रयोग घेऊन. आणि हा रोग त्यांच्यापुरता नाही. २०१२ मध्ये ॲमजेन या औषध कंपनीतल्या संशोधकांनी सांगितलं की कर्करोगावरचे ५३ महत्त्वाचे अभ्यास त्यांनी तपासले, त्यांतल्या ६ अभ्यासांचेच निष्कर्ष टिकले. त्यावरून जीवशास्त्र सायन्स नाही असं कोणी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. काकांच्या फिजिक्सचंही एक सांगते. २०११ मध्ये इटलीतल्या ऑपेरा प्रयोगात न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद लवकर पोचताना दिसले. लोकांनी शास्त्रज्ञांना हसून घेतलं, कारण शेवटी निघाली नीट न बसवलेली एक केबल. मला मात्र ती घटना फार आवडते. आमचं काय चुकलं ते सापडत नाही, तुम्ही शोधा, असं त्यांनी जगाला जाहीर सांगितलं होतं.

तुझ्या विषयात टिकलेलंही पुष्कळ आहे. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून काढलेला विसरण्याचा आलेख २०१५ मध्ये पुन्हा काढला, तो जवळपास तसाच आला. स्ट्रूपचा १९३५चा प्रयोग तर तू प्रॅक्टिकलला केलाच असशील. तो काकांवर कर. ‘लाल’, ‘हिरवा’, ‘निळा’ असे वीस शब्द वेगळ्याच रंगांच्या शाईने लिहायचे, शब्द न वाचता शाईचा रंग भराभर सांगायला लावायचं आणि मोबाईलवर वेळ लावायची. मग शब्दांऐवजी नुसत्या रंगीत फुल्या काढून तीच वेळ लावायची. काका शब्दांवर अडखळतील. किती अडखळतील ते आधी कागदावर लिहून घडी घालून ठेव, म्हणजे इंजिनिअर माणसाला मुद्दा कळेल.

तेव्हा काकांचं अर्धं खरं आहे. तुझ्या विषयाचा एक भाग विज्ञान आहे, एक भाग होऊ पाहतोय आणि एक भाग अजून ॲडलरच्या खुर्चीत बसलेला आहे. स्वप्नांचे अर्थ सांगणारं पुस्तक आणि स्मरणाचा प्रयोग एकाच कपाटात असतात, एवढ्यावरून दोन्ही सारखे ठरत नाहीत.

आणि इथेच स्टॅटिस्टिक्स येतं. त्या शंभरातले इतके प्रयोग का पडले? माणसं थोडी घेतली होती. वीस तऱ्हेने आकडे पिळले तर पाच टक्क्यांच्या नियमाने (विसांत एकदा नशिबाने येईल एवढी चूक चालवून घ्यायची, हा तो नियम) एखादी तऱ्हा निव्वळ नशिबाने ‘ठळक’ निघते, तेवढीच छापली. न जमलेले प्रयोग खणात गेले. लबाडी थोड्यांची होती, बाकीच्यांना आपण काय करतोय हेच कळत नव्हतं, कारण त्यांनीही स्टॅटिस्टिक्सचा पेपर पास होण्यापुरताच केला होता. आता चांगले संशोधक प्रयोगाच्या आधीच काय मोजणार आणि कसं मोजणार हे नोंदवून टाकतात. ही पद्धत समजायला तुला तो पेपर लागणार आहे. आकडे टाळून मानसशास्त्र शिकलीस, तर कोणता भाग टिकाऊ आणि कोणता ॲडलरच्या खुर्चीतला हे तुला दुसऱ्याला विचारावं लागेल.

तुझ्या मैत्रिणी इकॉनॉमिक्सला असतील, त्यांनाही हाच टोमणा बसतो. त्यांच्या विषयातही पक्कं आणि कच्चं दोन्ही आहे. २०१३चं अर्थशास्त्राचं नोबेल (ते नोबेलच्या मृत्युपत्रातलं नाही, स्वीडनच्या बँकेने १९६८ मध्ये सुरू केलेलं) फामा, शिलर आणि हॅन्सन या तिघांना एकत्र मिळालं. बाजाराचे भाव उपलब्ध माहितीला धरून असतात असं फामा म्हणतो, बाजार फुगा फुगवतो असं शिलर म्हणतो. दुसरीकडे राजस्थानात उदयपूरच्या खेड्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर द्युफ्लो या अर्थतज्ज्ञांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी गावं निवडली. काही गावांत नियमित लसीकरण शिबिरं घेतली, काही गावांत शिबिराबरोबर दर खेपेला किलोभर डाळ दिली आणि लसी पूर्ण झाल्या की ताटं. काहीच न केलेल्या गावांत लसी पूर्ण झालेली मुलं ६ टक्के, नुसत्या शिबिराच्या गावांत १८, डाळीच्या गावांत ३९. हा प्रयोग कुठल्याही प्रयोगशाळेने अभिमानाने मिरवावा असा आहे. त्यावरून देशाचा व्याजदर किती असावा हे मात्र कळत नाही.

इतिहासाबद्दल तू विचारलं नाहीस, पण काकांच्या ‘बाकी सगळ्या गप्पा’त तोही आला, म्हणून. शिवाजी महाराजांचा जन्म पूर्वी १६२७चा मानला जायचा. मग टिळकांच्या हाती जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची सालवार नोंदींची वही, आली, ती १९१६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी नोंद होती, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. पुढे परमानंदाच्या शिवभारत या शिवकालीन काव्यातही तीच तिथी निघाली. दोन स्वतंत्र कागद एकच सांगतात म्हटल्यावर अभ्यासकांनी आपलं मत बदललं. (जयंती तिथीने करायची की तारखेने, हा वाद वेगळा. त्यात मी पडत नाही.) हे विज्ञान आहे का? मी म्हणणार नाही. त्याला त्या पदवीची गरजही नाही. हा पुराव्याने चालणारा, चूक कबूल करणारा व्यवहार आहे आणि तो करणाऱ्यांनी ‘सायन्स’चा बिल्ला लावायची धडपड केली की मला थोडं वाईटच वाटतं.

बिल्ल्यावरून एम.एस्सी. आठवलं. मानसशास्त्रात काही विद्यापीठं एम.ए. देतात, काही एम.एस्सी. देतात. पाटीवरून आत काय शिकवतात ते कळत नाही. केंब्रिजला फिजिक्स करणाऱ्यालाही पहिली पदवी बी.ए.चीच मिळते. नारळीकरही तिथून गणित करून बी.ए.च झाले होते. तेव्हा प्रवेशाच्या आधी पदवीचं नाव बघण्यापेक्षा विभागात जा आणि विचार: संशोधनपद्धतीचे पेपर किती आणि ते कोण शिकवतं? प्रबंध प्रत्येकाला करावा लागतो का? मागच्या वर्षीचे दोन-तीन प्रबंध बघायला मिळतील का? ते उघडून बघ, ‘आमचं गृहीतक खरं निघालं नाही’ असं एखाद्यात तरी लिहिलंय का. प्रत्येक विद्यार्थ्याचं प्रत्येक गृहीतक खरं ठरत असेल तर त्या विभागात पाऊल टाकू नकोस. आणि तुला पुढे रुग्णांबरोबर काम करायचं असेल, तर तो अभ्यासक्रम भारतीय पुनर्वास परिषदेला, म्हणजे आर.सी.आय.ला मान्य आहे का, हे परिषदेच्या यादीतच बघायचं, कॉलेजच्या माहितीपत्रकात नव्हे. कुठलंही मास्टर्स केलं की रुग्णांवर उपचार करता येतात असं सांगणारे पुष्कळ भेटतात, त्यांच्यावर विसंबू नकोस.

राहिले बाबा. तुझ्या पत्रात काकांचं बोलणं बरंच आहे, बाबांचं एकही वाक्य नाही. मला वाटतं त्यांना विज्ञान म्हणजे काय याची चिंता नसावी. दोन वर्षांची फी भरल्यावर मुलगी पायावर उभी राहील का, एवढीच असावी, आणि काकांच्या आडून ती विचारली जात असावी. त्या प्रश्नाला पॉपर किंवा नेपच्यून सांगू नकोस. एका कागदावर फी, होस्टेल आणि मेसचा खर्च, तुमच्या विभागातून गेल्या दोन-तीन वर्षांत बाहेर पडलेल्या चार-पाच जणी आज काय करतात आणि त्यांना सुरुवातीला काय पगार होता, एवढं लिही. त्यांना फोन करून विचार, अंदाजाने लिहू नकोस. कमी पगाराची एखादी असेल तर तीही लिही. तो कागद बाबांना एकट्यांना दाखव, काका घरी नसताना.

— ताई